तपकिरी रक्त

दारातच मला वास आला. चपला काढायला वाकले आणि तो नाकात शिरला. थोडा शिळ्या माशासारखा, थोडा जळक्या तेलासारखा. ठाण्यातल्या ज्या कॉलेजात मी ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटाला हा वास कायमचा चिकटलेला आहे. अॅनिलीन आणि त्याची भावंडं. पण डोंबिवलीत, माझ्या भावाच्या घराच्या उंबऱ्याशी तो यायचं काही कारण नव्हतं. चपलांच्या स्टँडवर दादाचे सेफ्टी शूज होते. डाव्या बुटाचं चामडं पुढच्या बाजूने ओलं आणि काळपट झालं होतं.

एप्रिलातला रविवार होता. वहिनीला गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, म्हणून मी ठाण्याहून सकाळीच आले होते.

"बरं झालं आलीस," वहिनी म्हणाली. "आधी ह्याला बघ. रात्रपाळीहून आल्यापासून डोकं धरून बसलाय. आणि ओठ बघ कसे झालेत."

दादा हॉलमधल्या सोफ्यावर बसला होता. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, त्यामुळे माझी चूक व्हायला जागा नव्हती. त्याचे ओठ जांभळट नव्हते, निळेही नव्हते. शिसपेन्सिलीने गिरवल्यासारखे करडे होते. मी त्याचा हात हातात घेतला. नखांचाही तोच रंग.

"काय सांडलं?" मी विचारलं.

"अगं, काही नाही. होज पाइप सुटला पहाटे. मांडीवर उडालं थोडं. पुसलं मी. कपडे बदलले."

"बूट?"

त्याने माझ्याकडे बघितलं. उत्तर शोधायला त्याला वेळ लागत होता. दादा हजरजबाबी माणूस, मला तो कधी वाद जिंकू देत नसे. त्या सकाळी त्याची जीभ जड झाली होती.

"बूट राहिले," तो म्हणाला.

दादा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमची शाळा मराठी माध्यमाची. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकले, कारण मी आठवीत असताना तो बारावीचा अभ्यास मोठ्याने करायचा. एक अणू इलेक्ट्रॉन गमावतो, दुसरा ते घेतो. गमावणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. "एकटं काही होत नाही," तो मला सांगायचा, "एकाचं झालं की दुसऱ्याचं होतंच." पुढे मी शिकवायला लागले आणि तो कारखान्यात गेला. मी फळ्यावर जे एका बाणाने दाखवायचे, ते तो मोठ्या रिअॅक्टरमध्ये करायचा. नायट्रो संयुग, त्यात लोखंडाचा कीस, थोडं आम्ल, आणि ढवळत ठेवायचं. लोखंड आपले इलेक्ट्रॉन देऊन काळ्या चिखलासारखं होतं. नायट्रोचे ऑक्सिजन निघून जातात आणि अमाइन तयार होतं. मग वाफ सोडून ते अमाइन वेगळं करायचं, थंड करायचं, ड्रममध्ये भरायचं. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांना ते लागतं. दादाच्या रिअॅक्टरमध्ये होत होतं ते अॅनिलीनचंच एक भावंड होतं, तेलासारखा द्रव.

हा द्रव कातडीतून आत जातो. जळजळ होत नाही, फोड येत नाही, म्हणून माणूस पुसतो आणि कामाला लागतो. आत गेला की यकृत त्याला परत ऑक्सिजन चिकटवायला बघतं. त्यातून जे तयार होतं ते रक्तातल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड प्राणवायू धरून ठेवू शकत नाही. फुप्फुसं चालू असतात, हृदय चालू असतं, आणि माणूस आतून गुदमरत असतो. दरवर्षी नायट्रोबेंझीनच्या क्षपणाचा तास संपताना मी हे मुलांना दोन वाक्यांत सांगायचे. पेपरला येत नाही म्हणून कोणी लिहून घ्यायचं नाही.

मी दादाला बाथरूममध्ये नेलं. दरवाज्याबाहेर उभी राहून मी ओरडत होते आणि वहिनी आत त्याला साबणाने घासत होती. पाय, मांडी, नखांच्या कडा, केस. "मी काय लहान आहे का?" असं तो दोनदा म्हणाला. नंतर म्हणाला नाही. बूट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. रिक्षात बसताना त्याचा पाय पायरीवर नीट पडेना.

जवळच्या नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टर होता. त्याने आधी हृदयाचा आलेख काढला, कारण पन्नाशीच्या जवळचा पुरुष, डोकं दुखतंय, धाप लागलीय, म्हणजे हृदयच असणार. आलेख ठीक होता. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. बोटाला लावलेलं यंत्र पंच्याऐंशी दाखवत होतं. त्याने ऑक्सिजन वाढवला, तरी पंच्याऐंशीच. पूर्ण सोडला, तरी तेच. त्याने यंत्र बदललं. दुसऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं.

"डॉक्टर, त्यांच्या अंगावर अमाइन सांडलंय," मी म्हणाले. "अॅनिलीनसारखं. रक्त काढून बघा ना. रंग बघा."

त्याने सिरिंज भरली. आत जे आलं ते चॉकलेटच्या पाकासारखं होतं. वहिनी माझ्या मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरने एक थेंब पांढऱ्या कापसावर टाकला, आणि आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत राहिलो. हवा लागली की रक्त लाल व्हायला हवं. ते तपकिरीच राहिलं.

त्याने त्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते वरच्याच मजल्यावर राहत होते. पायजम्यातच खाली आले आणि कापूस बघून म्हणाले, "मेथहिमोग्लोबिन. मिथिलीन ब्ल्यू लागेल. आपल्याकडे नाही. ठाण्याला पाठवू, तिथे आहे का विचारतो."

आमच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यूची बाटली असते. निळी पूड, पेशी रंगवायला वापरतात. तीच शिरेतून दिली की रक्तातल्या लोखंडाला त्याचा गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देते. म्हणजे पुन्हा क्षपणच. अर्थात प्रयोगशाळेतली बाटली माणसाला टोचता येत नाही. ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात औषध होतं. अॅम्ब्युलन्स बोलावली.

दादाला स्ट्रेचरवर घेताना मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं का? आणखी कोणावर उडालं?"

दादाने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी परत कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तो उठून बसायला लागला.

"माझा ऑपरेटर," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह त्याने बंद केला. वाकून. त्याच्या छातीवर..." पुढे शब्द सापडेनात. मग माझं मनगट धरलं. "मी त्याला घरी जाऊन आंघोळ कर म्हणालो. तू जा. दुसऱ्या कोणाला कळणार नाही. तू जा."

ऑपरेटरचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. दादाने तुटक तुटक पत्ता सांगितला. सोनारपाड्याच्या आतल्या बाजूला एक चाळ, देवळामागची. वहिनी अॅम्ब्युलन्समध्ये चढली. मी रिक्षा पकडली.

तो माणूस मला माहीत होता, म्हणजे ऐकून. राजापूरकडचा. दादाच्या शिफ्टला बरीच वर्षं होता. गणपतीला गावाहून आला की आमच्याकडे कोकमं पाठवायचा. दादा म्हणायचा, रिअॅक्टरच्या आवाजावरून त्याला कळतं ढवळणं नीट चाललंय की नाही. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

चाळीत पोचले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारची बाई ओट्यावर मासळी साफ करत होती.

"झोपलाय तो," ती म्हणाली. "रातपाली करून आलाय. उठवू नका."

"तब्येत बरी होती का सकाळी?"

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? लागलेली होती त्याला. भिंत धरून आला. कधी घेत नाय तसा. म्हणून आमी कोनी बोललो नाय. म्हटलं, बायको कामावरून यायच्या आत उतरंल."

मी दार ढकललं. आत अंधार होता. मी दिव्याचं बटण शोधलं. तो जमिनीवर चटईवर कुशीवर झोपला होता, धुतलेला बनियन घालून. चेहरा राखेच्या रंगाचा. कान, ओठ, हाताची बोटं काळपट. मी हलवलं, हाका मारल्या. श्वास चालू होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतकी जागा होती की प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं.

मी ओरडले असणार, कारण दारात माणसं जमली. त्याच वेळी त्याची बायको आली. ती चार घरी पोळ्या करायला जायची. तो कामावरून यायच्या आधीच ती बाहेर पडलेली, त्यामुळे सकाळपासून तिने त्याला पाहिलेलं नव्हतं. खांद्याला पिशवी तशीच लटकत होती. ती गर्दीतून पुढे आली आणि कोणीतरी मागून म्हणालं, "जास्त झालीय त्याला."

"ते घेत नाहीत," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. मग मोठ्याने, "ते घेत नाहीत हो!"

तिघाचौघांनी त्याला उचललं. एक टेम्पोवाला समोर भाजी उतरवत होता, त्याने मागची जागा रिकामी करून दिली. मी फोनवर नर्सिंग होमला सांगितलं, दुसरा पेशंट येतोय, ह्याचं जास्त आहे. टेम्पोत त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा आपल्या तळव्याकडे बघत होती, रंग हाताला लागतोय की काय म्हणून. माझं नाव, ओळख, मी कोण, काहीच तिने विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "ताई, हे काय आहे?" मी म्हणाले, "कारखान्यातलं विष आहे. औषध आहे त्याला."

औषध होतं. ते ठाण्यात होतं आणि त्याच वेळी दादाच्या शिरेत चढत होतं. नर्सिंग होमच्या दोन्ही डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. नळी घातली, अंग पुसून काढलं, छाती दाबली. मोठ्या डॉक्टरांनी ठाण्याहून औषध घेऊन माणूस निघालाय असं सांगितलं, आणि तो निघालेलाही होता. पण काही वेळाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काढलेले ग्लोव्हज होते. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता त्या ग्लोव्हजकडे बघितलं आणि ती खाली बसली.

मी ठाण्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. दादाचे ओठ गुलाबी होते. एवढ्या थोड्या वेळात माणूस इतका बदलतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी दारातच थांबले. लघवीच्या पिशवीत निळसर हिरवं पाणी जमा झालं होतं. वहिनी त्याला चमच्याने पाणी पाजत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि मला पाहून ते मावळलं.

"भेटला?" दादाने विचारलं.

मी पलंगाजवळ गेले. तेवढ्यात त्याला कळलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी चमचा हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. कंपनीतली दोन माणसं हॉस्पिटलात आली, फळं घेऊन. खुर्चीवर बसून त्यांनी आधी दादाच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग एक जण सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तो पिऊन आला होता असं चाळीतले लोक सांगतायत. पिऊन ड्यूटी केली की असं होणारच. तुमच्याही लक्षात आलं असेल ना, सर?"

दादा उशीला टेकून बसला होता. "तो शुद्धीत होता," तो म्हणाला. "मी त्याच्याशेजारी उभा होतो."

"नाही, म्हणजे आठवून बघा. तुमचीही अवस्था तेव्हा..."

"माझी अवस्था नंतर झाली. पोलीस येतील तेव्हा मी सांगणार आहे. तो प्यायलेला नव्हता. आणि इमर्जन्सी शॉवरखाली ड्रम रचलेले होते हेही सांगणार आहे. शॉवर मोकळा असता तर मी त्याला घरी पाठवलं नसतं, तिथेच उभं केलं असतं."

तो माणूस थोडा पुढे झुकला. "सर, ते ड्रम तिथे ठेवायला कोणी सांगितले होते?"

"मी," दादा म्हणाला. "गोडाऊनमध्ये जागा नव्हती. वरून विचारलं, कुठे ठेवायचे. मी म्हणालो, तिथे ठेवा. हेही सांगणार आहे."

वहिनी ते गेल्यावर दादाला खूप बोलली. घर कसं चालायचं, मुलीचं कॉलेज, तुझं नाव तूच त्यात कशाला गोवतोस. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अगं, चाळीतल्या लोकांनी त्याला भिंत धरून चालताना पाहिलं आणि दार लोटून घेतलं. आता मीही लोटून घेऊ का?"

त्याने सगळं सांगितलं. मीही सांगितलं, कापसावरच्या थेंबापासून टेम्पोपर्यंत. चौकशी झाली, कारखाना काही काळ बंद राहिला, मग उघडला. दादाची नोकरी गेली. त्याच्याविरुद्ध कारवाई चालू आहे आणि तो तारखांना जातो. वकील त्याला कमी बोला म्हणतात. आता तो वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंगच्या युनिटमध्ये खोक्यांची तपासणी करतो. तिथे कुठलंही रसायन नाही. संध्याकाळी कधी कधी माझ्याकडे चहाला येतो. डोकं दुखतं म्हणतो. डॉक्टर म्हणतात, रक्त कधीच पूर्ववत झालंय.

सुरुवातीला तो सोनारपाड्याला जायचा. ऑपरेटरच्या बायकोला कंपनीकडून मिळायचं ते मिळवून द्यायला त्याने पळापळ केली. ती नीट बोलायची, पाणी द्यायची. पण एकदा तिने त्याला दारातच सांगितलं, "साहेब, तुमचा राग नाही. पण तुम्ही येऊ नका. तुम्ही समोर बसलात की मी तुमच्या तोंडाकडे बघत राहते. हे वाचले, मग ते का नाहीत, एवढंच मनात येतं." दादाने ते मला सांगितलं तेव्हा तो रडला नाही. नुसतं सांगितलं, आणि त्यानंतर तो गेला नाही.

ती मात्र एकदा माझ्याकडे आली. शवविच्छेदनानंतरचा व्हिसेराचा अहवाल यायला कित्येक महिने लागले. त्यात दारूचा अंशही नव्हता. तो आला त्याच आठवड्यात ती कॉलेजात मला शोधत आली. मी प्रॅक्टिकल संपवून बाहेर पडत होते. मुलं निघून गेली होती, टेबलावर चंचुपात्रं पडली होती. मी तिला स्टुलावर बसवलं.

"चाळीत सगळ्यांना दाखवला कागद," ती म्हणाली. "शेजारीण रडली. म्हणाली, मी हाक मारली असती तर." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ताई, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. मी कामाला जाताना त्यांना आंघोळीला गरम पाणी काढून ठेवायची. त्या दिवशीपण ठेवलेलं. एकदम कढत. त्यांना तसंच आवडायचं. चौकशीला आलेले एक साहेब म्हणाले की, गरम पाण्याने हे जास्त आत जातं. खरंय का?"

खरं होतं. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि कातडीवर राहिलेला द्रव लवकर आत ओढला जातो. किती, ते कोणी सांगू शकत नाही. तोपर्यंत त्याच्या छातीवर त्या द्रवाने भिजलेला शर्ट कितीतरी वेळ होता, आणि बहुतेक सगळं त्याच वेळी घडून गेलं असणार. बहुतेक. वीस-बावीस वर्षं मी मुलांना शिकवतेय की बहुतेक हा शब्द शास्त्रात महत्त्वाचा आहे, तो गाळायचा नाही.

"नाही," मी म्हणाले. "त्याने काही झालं नाही. जे व्हायचं ते शर्टामुळे आधीच झालं होतं."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि विचारलं, इथून स्टेशनला जायला बस कुठून मिळेल. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.